‘ह्यूमन’मध्ये ‘मॅन’ नाही, ‘बाईमाणूस’मध्ये माणूस आहे

‘मॅन’ हा शब्द ‘मनू’पासून आला, म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली, असं एक जण सांगतो. दुसरी म्हणते, ‘ह्यूमन’मध्ये ‘मॅन’, ‘वूमन’मध्ये ‘मॅन’, ‘फीमेल’मध्ये ‘मेल’, ‘हिस्टरी’त ‘हिज’. ही भाषा बायकांच्या मुळावरच उठलेली आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांतल्या वक्तृत्व स्पर्धा, शिक्षकांचे व्हॉट्सॲप गट, संस्कृत दिनाची आणि महिला दिनाची भाषणं, सगळीकडे ही दोन विधानं फिरत असतात. श्रावणी पौर्णिमेला पहिलं, मार्चमध्ये दुसरं. टाळ्या दोन्हींना सारख्याच. या दोघांचं एकमेकांशी कधी पटायचं नाही, पण चूक एकच आहे: शब्दाचा चेहरा पाहून त्याचं कूळ ठरवायचं, आणि कुळावरून त्याची लायकी. चेहऱ्यावरून कूळ ठरवणं आळसापोटी होतं. कुळावरून लायकी ठरवणं, कूळ अगदी बरोबर सापडलं तरीही, गैरच आहे. जात विचारून माणूस जोखायची खोड आपण शब्दांनाही लावली आहे.

आधी ‘ह्यूमन’ सोडवू. शब्द फोडायचा तर जिथे दिसतो तिथे नाही, जिथे सांधा आहे तिथे फोडावा लागतो. त्यासाठी त्याचं जुनं रूप हवं. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘युमॅं’, त्याआधी लॅटिनमध्ये ‘हूमानुस’. इथला सांधा ‘हूम’ आणि ‘आनुस’ यांच्यामध्ये आहे. ‘आनुस’ हा लॅटिनचा ठरलेला प्रत्यय. ‘रोमा’ गावचा तो ‘रोमानुस’, ‘उर्ब्स’ म्हणजे शहर, शहरी तो ‘उर्बानुस’. त्यांचेच इंग्रजीत ‘रोमन’ आणि ‘अर्बन’ झाले. म्हणजे ‘ह्यूमन’मधला ‘म’ एका तुकड्याचा आणि ‘अन’ दुसऱ्याचा. त्यात ‘मॅन’ दिसत असेल तर ‘रोमन’मध्येही दिसायला हवा. आणि ‘मॅन्युअल’, ‘मॅन्युफॅक्चर’? तिथे लॅटिनचा ‘मानुस’ म्हणजे हात आहे. हा ‘मानुस’ आपल्या तापीकाठच्या ‘मानूस’सारखा ऐकू येतो, पण दोघांची ओळखदेखील नाही. ‘फीमेल’चं तसंच: लॅटिन ‘फेमिना’चं लाडकं रूप ‘फेमेल्ला’, त्याचं फ्रेंच ‘फेमेल’, चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘मेल’च्या शेजारी बसून बसून त्याचं स्पेलिंग बिघडलं. ‘मेल’ वेगळ्याच घरातला, लॅटिन ‘मास्कुलुस’चा वंशज. ‘फेमिना’चं मूळ दूध पाजण्याच्या धातूत आहे, तेच आपल्या ‘धेनू’चं. आणि ‘हिस्टरी’ ग्रीक आहे. तिच्यातला धातू जाणण्याचा, म्हणजे ‘विद्’ आणि ‘वेद’ यांचा सख्खा. इंग्रजी ‘हिज’ तिच्या गावीही नाही. अलीकडे ‘ह्यू’ म्हणजे रंग आणि ‘मॅन’, म्हणून ‘रंगीत माणूस’ तो ‘ह्यूमन’, असंही फिरतंय. ‘ह्यू’ हा अस्सल इंग्रजी शब्द लॅटिन शब्दाच्या पोटात कसा शिरला, हे सांगायची तसदी मात्र कोणी घेत नाही.

‘वूमन’मध्ये ‘मॅन’ आहे, हे खरं. पण कोणता? जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, शब्द होता ‘वीफ्मन’. ‘वीफ’ म्हणजे बाई. आजचा ‘वाइफ’ तोच, तेव्हा लग्नाची अट नव्हती. ‘मन’ म्हणजे माणूस, बाई असो की बाप्या. दोन्ही जोडले की काय होतं? ‘बाईमाणूस’. अक्षरशः तोच शब्द, त्याच बांधणीचा, जो चोपड्यापासून साक्रीपर्यंत कुठल्याही ओट्यावर रोज ऐकू येतो: ‘बाईमाणूस एकटं कसं जाईल?’ यात माणूस पुरुष आहे आणि बाई त्याला जोडलेली, असं कोणाला वाटतं का? ‘वीफ्मन’चा उच्चार पुढे ‘विम्मन’ झाला, मग ‘व’च्या शेजारी ‘इ’चा ‘उ’ झाला आणि ‘वूमन’ उरलं. अनेकवचनात ‘इ’ टिकली, म्हणून लिहायचं ‘ओ’ आणि वाचायचं ‘विमेन’. आठवीची पोरं या स्पेलिंगवर हमखास अडतात. त्यांना घोकायला लावतात, कारण सांगत नाहीत.

मग ‘मॅन’ पुरुष कधी झाला? जुन्या इंग्रजीत पुरुषाला ‘वेर’ असा स्वतंत्र शब्द होता. लॅटिन ‘विर’ आणि संस्कृत ‘वीर’ हे त्याचेच भाऊ. तेराव्या शतकाच्या आसपास ‘वेर’ बोलण्यातून गेला आणि रिकाम्या जागेवर ‘मॅन’ सरकला. ‘वेर’ची आज दोन थडगी उरली आहेत. एक ‘वेअरवुल्फ’, म्हणजे लांडगा होणारा पुरुष. दुसरं ‘वर्ल्ड’, जे ‘वेर’ आणि ‘काळ’ या अर्थाचा एक शब्द मिळून झालं. जगाचं इंग्रजी नाव म्हणजे मुळात ‘माणसाचा काळ’. आपल्याकडेही ‘माणूस’ अर्धा तिकडे सरकलाच आहे. ‘तिचा माणूस सुरतेला कामाला आहे’ यातला माणूस म्हणजे नवरा. एकवचनात ‘माणूस आला’ हे पुल्लिंगी, पण अनेकवचनात ‘माणसं आली’ म्हटलं की नपुंसकलिंग, आणि त्यात बाया-बाप्ये सगळे बसतात. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात, बोलणाऱ्याला अडचण होत नाही.

इथे समोरच्या बाजूचा खरा मुद्दा येतो, आणि तो वजनदार आहे. बोलणाऱ्याला अडचण होत नसेल, कोर्टात होते. पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरल्या जातील, असं हिंदुस्थानातल्या कायद्यांच्या अर्थ लावण्याच्या कायद्यातच एकोणिसाव्या शतकापासून लिहिलेलं होतं. आजही १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३मध्ये ते आहे. तरीही १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीची परवानगी मागितली तेव्हा कलकत्ता हायकोर्टाने नकार दिला. कायदा करणाऱ्यांच्या मनात बायका नव्हत्याच, असा त्याचा मथितार्थ. बायकांना वकिलीचा दरवाजा उघडायला १९२३ साली वेगळा कायदा करावा लागला. कॅनडात ‘पर्सन’ या शब्दात स्त्रिया येतात की नाही हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ साली ‘येतात’ असा निकाल लागला. म्हणजे शब्द निरुपद्रवी असतात असं म्हणणाऱ्याने ही उदाहरणं गिळून पुढे जाऊ नये.

पण ती नीट वाचली तर काय दिसतं? ‘पर्सन’मध्ये कुठे ‘मॅन’ आहे? त्या शब्दाचं मूळ नटाच्या मुखवट्यात. पुरुषाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी तो बायकांवर दार लावून घ्यायला वापरला गेलाच. आणि ज्या शब्दांत इंग्रजी नाहीच तिथे? ‘सरपंच’ या शब्दाला पुरुषाचा वासही नाही. महाराष्ट्रात पंचायतींतल्या जागा बायकांना राखीव झाल्यावर गावोगाव ‘सरपंचपती’ हा नवा शब्द लोकांनीच घडवला, कारण खुर्चीवर कोण बसतं ते लोकांना दिसत होतं. फारसीत तर व्याकरणाचं लिंगच नाही, ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम. त्याने इराणातल्या बायकांचं काय भलं झालं? तेव्हा विकास सोसायटीचा ‘चेअरमन’ बाई असेल तर ‘चेअरपर्सन’ म्हणावं की नाही, याचं उत्तर माझ्या मते ‘म्हणावं’ असंच आहे. मात्र त्याचं कारण आजचा वापर हे आहे: आज ‘मॅन’ ऐकताच कानाला पुरुष ऐकू येतो. हजार वर्षांपूर्वी काय होतं, ते कारण नव्हे. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने २०२१ साली ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ केलं तेही याच कारणाने. आपला ‘फलंदाज’ पहिल्यापासून सोवळा. त्याचं श्रेय घ्यायला मात्र कोणी पुढे आलं नाही.

आता ‘मनू’वाले. यांच्याकडे असलेलं सत्य ‘ह्यूमन’वाल्यांपेक्षा मोठं आहे, आणि म्हणूनच त्यांची चूक जास्त महागात पडते. ‘मॅन’ आणि ‘मनू’ खरोखर नात्यातले आहेत. इ.स. ९८च्या सुमारास टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय की जर्मन टोळ्या आपला मूळपुरुष ‘मान्नुस’ मानतात. मनूसारखाच मूळपुरुष, नावही तेच. ‘किन’ म्हणजे गणगोत. तो आणि लॅटिन ‘गेनुस’ आपल्या ‘जन’चे सोयरे. हे सगळं मान्य. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात तिथला न्यायाधीश आणि भाषाभ्यासक विल्यम जोन्सने संस्कृत ग्रीकहून परिपूर्ण आणि लॅटिनहून समृद्ध असल्याचं सांगितलं, तेही मान्य. आपल्या भाषणांत जोन्सचं एवढंच येतं. पण त्याच ओघात त्याने पुढे सांगितलं होतं की या तिन्ही भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वातही नसेल. पहिला अर्धा भाग भिंतीवर लावायचा आणि दुसरा फाडून टाकायचा, याला अभिमान म्हणतात की लपवाछपवी?

उगम संस्कृतच का नाही, हे समजायला जर्मनीला जायला नको, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहिलं तरी पुरे. तिथे ‘केळी’ ही ‘केयी’ असते, ‘डोळा’ ‘डोया’, ‘काळा’ ‘काया’, ‘गळा’ ‘गया’. ‘ळ’चा ‘य’ होतो, एखाद्या शब्दात नव्हे, ओळीने. असं ओळीने होणं हाच नात्याचा पुरावा. एक शब्द जुळणं हा योगायोगही असू शकतो. आता उलटं करून बघा. पुण्याची मराठी खानदेशीतून निघाली असं कोणी म्हणालं तर? मग ‘डोया’चा ‘डोळा’ करताना ‘पाय’चा ‘पाळ’ का केला नाही, हे त्याला सांगावं लागेल. खानदेशीत दोन्ही ‘य’ एक झाले. ऐकून कळत नाही कोणता ‘य’ मूळचा आणि कोणता ‘ळ’चा. जे वेगळेपण बोलीत पुसलं गेलं ते तिच्यातून पुन्हा बरोबर त्याच शब्दांत उगवणार कसं? म्हणजे ‘ळ’ असलेलं रूप आधीचं.

हाच हिशेब संस्कृतला लावायचा. संस्कृत ‘अस्ति’, ग्रीक ‘एस्ति’. संस्कृत ‘अप’, ग्रीक ‘अपो’. संस्कृत ‘जनस्’, ग्रीक ‘गेनोस्’. ग्रीकमध्ये जिथे ए, ओ आणि अ असे तीन स्वर, तिथे संस्कृतात एकच ‘अ’. ग्रीक जर संस्कृतातून निघाली असेल तर कोणत्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कोणत्याचा ‘ओ’, हे ग्रीकांना कोणी सांगितलं? त्यातही लॅटिन आणि ग्रीक एकमेकींना साक्ष देतात: लॅटिनमध्येही ‘एस्त’, लॅटिनमध्येही ‘गेनुस’. शिवाय खुद्द संस्कृतात खूण राहिली आहे. ‘आणि’ या अर्थाचा ‘च’ लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे. मूळ ‘क’चा ‘च’ व्हायला त्याच्यापुढे ‘ए’सारखा स्वर लागतो, ‘कः’ म्हणजे ‘कोण’, त्यात तसा नव्हता, म्हणून तिथे ‘क’ राहिला. म्हणजे संस्कृतच्या पोटात तो ‘ए’ एके काळी होता, ‘च’ हा त्याच्या जाण्याचा वण. १८७०च्या दशकात युरोपातल्या अभ्यासकांच्या हे ध्यानात आलं आणि संस्कृत ही आई नसून थोरली बहीण आहे, हे पक्कं झालं. थोरली बहीण असणं काही कमीपणाचं नाही, पण आपल्याकडे आईच्या खालचं पद घेतंय कोण!

‘ह्यूमन’चं खरं नातंही या वाटेने सापडतं, आणि ते ‘मनू’पेक्षा कितीतरी मजेदार आहे. लॅटिनमध्ये माणूस म्हणजे ‘होमो’, माती म्हणजे ‘हुमुस’. दोन्ही ‘जमीन’ या अर्थाच्या एका जुन्या धातूकडे जातात. संस्कृतातला ‘क्षम्’, ‘क्ष्मा’ म्हणजे पृथ्वी हाही त्यातलाच. लॅटिनच्या ‘ह’ला इंग्रजीत ‘ग’ येतो: ‘होस्तिस’चा जोडीदार ‘गेस्ट’, ‘हेदुस’चा ‘गोट’. तेव्हा ‘होमो’चा इंग्रजी भाऊ ‘ग’ने सुरू व्हायला हवा. आहे का? होता. ‘गुमा’, म्हणजे पुरुष. नवरदेवाला ‘ब्र्युडगुमा’ म्हणत, म्हणजे नवरीचा माणूस. पुढे ‘गुमा’ एकटा मेला. लोकांना शब्दाचा अर्धा भाग कळेना, म्हणून सोळाव्या शतकात त्यांनी तिथे आवाजाने जवळचा, ओळखीचा ‘ग्रूम’ बसवला. ग्रूम म्हणजे पोरगा, नोकर, घोड्याचा मोतद्दार. आजचा ‘ब्राइडग्रूम’ हा चेहरा पाहून कूळ ठरवण्याचा शिलालेखच म्हणा ना. (‘होमोसेक्शुअल’मधला ‘होमो’ लॅटिन नाही, ग्रीक आहे. त्याचा अर्थ सारखा, आणि तो आपला ‘सम’. १७५८ साली लिनियसने दिलेल्या ‘होमो सेपियन्स’ या नावाशी त्याची गल्लत करून विनोद करणारे पुष्कळ भेटतात.)

एक आक्षेप राहतो. शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ‘निरुक्त’कार यास्काने ‘मनुष्य’ फोडला तो ‘विचार करून कर्मं शिवणारा’ असा. प्लेटोने ‘अँथ्रोपोस’ हा माणसाचा ग्रीक शब्द फोडला तो ‘पाहिलेल्याचा विचार करणारा’ असा. हे काय अडाणी होते? नव्हते. ते शब्दाच्या निमित्ताने माणसाबद्दल बोलत होते, आणि फार चांगलं बोलत होते. आपण त्यांचं चिंतन उचलून त्यावर ‘पुरावा’ असा शिक्का मारतो, तिथे घोटाळा होतो. धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे गेले. त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीचा डोंगर उपसला. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांना ओढूनताणून बसवलेल्या वाटल्या, तरी त्यांचं मोठेपण कमी झालं नाही, कारण कागद शोधा, जुनं रूप शोधा, हा त्यांचा हट्ट होता. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि हट्ट तेवढा सोडून देतो.

समजा, कूळ अचूक सापडलं. मग तरी शब्दाचा ‘खरा अर्थ’ हाती येतो का? ‘मर्द’ घ्या. मिशीला पीळ देऊन उच्चारायचा हा फारसी शब्द संस्कृत ‘मर्त्य’चा भाऊ, त्याचा मूळ अर्थ ‘मरणारा’. उद्यापासून ‘मर्द मराठा’ म्हणताना कोणी हळहळणार आहे? हिब्रूत ‘आदाम’ म्हणजे माणूस आणि ‘अदामा’ म्हणजे माती. त्यावरून अरबी-फारसीच्या वाटेने ‘आदमी’ आपल्याकडे आला. लॅटिनसारखीच कल्पना, पण भाषाकुळं वेगळी. माणसाला मातीचा म्हणणं दोघांना आपापलं सुचलं असेल, उसनवारीची गरज नाही. ‘पर्सन’ मुखवट्यातून निघाला आणि आज आपल्या कायद्यात कंपनीसुद्धा ‘पर्सन’ आहे. सहकारी साखर कारखान्यावर खटला भरताना मुखवटा कोणी शोधत नाही. दुसऱ्या शतकात औलुस गेल्लियुस नावाच्या रोमन लेखकाने तक्रार केली होती की लोक ‘हूमानितास’ हा शब्द दयाळूपणा या अर्थाने वापरतात, खरा अर्थ विद्या-संस्कार हा आहे. साडेअठराशे वर्षं झाली. दोन्ही अर्थ जिवंत आहेत: ‘ह्यूमॅनिटी’ दाखवा म्हणतात तेव्हा पहिला, विद्यापीठात ‘ह्यूमॅनिटीज’ म्हणजे मानव्यविद्या शिकतात तेव्हा दुसरा. ‘ह्यूमेन’ तर ‘ह्यूमन’चंच वेगळं स्पेलिंग, अठराव्या शतकात दोघांनी वाटणी करून घेतली. आमच्या ‘माणुसकी’तला ‘की’ ‘पाटीलकी’तला आहे, तेव्हा माणुसकी हे वतन समजावं, असं मला कधी कधी वाटतं, पण त्यावर कोणी सिद्धांत उभारू लागला तर मी विरोधात उभा राहीन.

आणि वापर किती चिवट असतो, ते आपल्याच मुलखाच्या नावात पाहावं. फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून खानदेश, की कान्हदेशावरून, हा वाद अजून चालू आहे. १६०१ साली असीरगड पडल्यावर अकबराने दानियाल या मुलाच्या नावावरून सुभ्याचं नाव ‘दानदेश’ केलं. बादशाही हुकूम, शिक्क्यासकट. टिकला नाही. इंग्रजांनी १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, १९६०नंतर जिल्ह्यांच्या नावांतून खानदेश गेला, १९९८ साली नंदुरबार वेगळा झाला. आज कुठल्याही जिल्ह्याच्या पाटीवर तो शब्द नाही आणि भरताच्या वांग्यापासून लग्नाच्या जाहिरातीपर्यंत तो सगळीकडे आहे. खान की कान्हा, याचा निकाल लागला तर इतिहासाचं एक पान नीट होईल. भरीत तसंच राहील.

करण्यासारखं काम साधं आहे, आणि ते भाषणांतून नव्हे, वर्गात होईल. फळ्यावर ‘वूमन’ लिहावं, शेजारी ‘बाईमाणूस’. ‘ह्यूमन’ लिहावं, शेजारी ‘रोमन’ आणि ‘अर्बन’. ‘डोया–डोळा’, ‘केयी–केळी’ यांच्या खाली ‘अस्ति–एस्ति’. कोणताही नवा दावा आला की विचारावं: सगळ्यात जुनं रूप कोणतं, सांधा कुठे, असेच आणखी तीन शब्द जुळतात का, आणि शब्द कोणत्या वाटेने आला. एखादी चुणचुणीत पोरगी विचारेलच, ‘सर, बाईमाणूस झाला ‘वूमन’, मग बाप्यामाणूस इंग्रजीत कुठे गेला?’ तिला सांगावं की तोही होता. ‘वॅप्मन’ म्हणत त्याला, म्हणजे हत्यारवाला माणूस, आणि तो गेला त्याला आठशेच्या आसपास वर्षं झाली.